मडगार्डवरचा पंजा

“गंजानं साम्राज्यं खाल्ली, पण या हातांपुढं तो शरण येतो!” असं जाहीर करून खंडेराव त्याच गंजाच्या धुळीनं सात वेळा शिंकले. जुने ट्रॅक्टर जमवून नवेकोरे करायचे, हा त्यांचा नाद. समोरच्या लालबुंद ट्रॅक्टरची जुनी मालकीण, द्वारकाबाई, गंगापूरहून मुद्दाम आली होती. “दुष्काळात बैल विकले, मग पोळ्याला लेकीनं यालाच सजवलं. मडगार्डवर रंगाचा पंजा उमटवला. उन्हाळ्यात ती पाणी शेंदताना विहिरीत गेली. आता शेतावर प्लॉट पडले, विहीरबी बुजवली. तेवढा पंजा बघून जाते, भाऊ.” खंडेरावांनी मडगार्डकडं पाहिलं. तीन दिवस पॉलिशपेपर घासून त्यांनी ते आरशासारखं केलं होतं. “बाई, मला तो डागच वाटला.” द्वारकाबाईनं गुळगुळीत पत्र्यावरून हात फिरवला. “लई झाक झालंय,” ती म्हणाली. “घासलेला रंग कुठं झाडून टाकला? चिमूटभर द्या.”