वर आलेला खिळा

बाबा ओट्यावर चक्क गुडघे टेकून बसले, तेव्हा सूनबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या निसटता निसटता राहिला.

भर दुपार होती. घरामागचा लाकडी ओटा उन्हात नुसता झळकत होता. आणि उभ्या आयुष्यात कुणापुढे न वाकलेला हा म्हातारा सुतार ओट्याच्या मधोमध रांगत होता. दोन्ही तळवे फळ्यांवरून फिरवत होता, पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"अहो, बाबांना काही होतंय का?" ती कुजबुजली.

तोंडचं पाणी तर तिच्या नवऱ्याचंही पळालं होतं. पण क्षणभरच. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"शूः! तपासताहेत ते. जातिवंत सुतार काम डोळ्यांनी बघत नाही, तळहातानं बघतो."

ओटा बाबांनीच बांधलेला होता, हातात जोर होता तेव्हा. पुढे ऊनपावसानं फळ्या राखाडी झाल्या, सांध्यांत शेवाळ धरलं. पायरीजवळची एक फळी चिरली. दारातून बाहेर पाऊल टाकलं की एक खिळा वर आलेला. त्यानं सूनबाईचा पाय रक्ताळला, तेव्हा मुलगा हातोडी घेऊन धावला होता. बाबा केवढ्यानं तरी ओरडले, "त्या खिळ्याला हात लावशील तर याद राख!" तेव्हापासून घरात त्याचं नाव पडलं, बाबांचा लाडका खिळा. आपल्या मुलांनाही एवढा जीव कुणी लावत नाही, असं सूनबाई हसून म्हणायची.

बाबांच्या तऱ्हाच तशा. ओट्यावर स्वतः कायम अनवाणी. त्यांची खुर्ची कुणी वीतभर सरकवली तरी घर डोक्यावर. वय झालं की माणूस हेकट होतो, म्हणून दोघं कानाडोळा करायची.

मुलगा कचेरीतला माणूस. लहानपणी त्याची हातोडी खिळा सोडून नेमकी अंगठ्यावर पडायची. "तुझ्या हाताला लाकूड कळत नाही," असं बाबा एकदा चारचौघांत म्हणाले, ते कुसळासारखं आत रुतून बसलं होतं. बाबांच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल. चाळिशी उलटली, केस पांढरे व्हायला लागले, तरी त्याला एकदा ते ऐकायचंच होतं.

म्हणून त्यानं बाबांना आठवडाभर बहिणीकडे धाडलं आणि स्वतः रजा टाकली. साबणाचं पाणी आणि राठ ब्रश घेऊन ओटा घासला, अगदी पाणी स्वच्छ निघेपर्यंत. उन्हात खडखडीत वाळवला. चिरलेली फळी काढून नवी बसवली. खिळे आत ठोकले, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून भेगा बुजवल्या. मग पॉलिशपेपर. हाताला फोड आले तरी थांबला नाही. शेवटी तेल पाजलं, त्यावर सीलरचे दोन हात दिले. सांडलेलं पाणी थेंबाथेंबानं घरंगळून जायला लागलं, तेव्हा त्यानं बायकोला हाक मारून ते दाखवलं आणि स्वतःच पुन्हा पुन्हा पाणी सांडत बसला.

मधे बहिणीचा फोन आला होता. "दादा, बाबा इथे खुर्चीतून उठतच नाहीत रे. बाथरूमला जायचं तरी नातीचा हात धरून. लाडावलेत नुसते!"

"लेकीच्या घरी संकोच वाटत असेल," तो हसून म्हणाला होता.

आज बाबा परतले. नेहमीसारखे ताठ मानेनं घरातून चालत थेट मागच्या दाराशी आले. उंबरठ्याशी चपला काढल्या. "कसला वास येतोय रे?" त्यांनी विचारलं.

"या तर खरं बाहेर!" मुलगा म्हणाला. त्याचा आनंद पोटात मावत नव्हता.

बाबांनी पाऊल टाकलं आणि ते पाऊल घुटमळलं. त्यांनी पाय डावीकडे घासून पाहिला, मग उजवीकडे. चार पावलं पुढे गेले, परत वळले, पुन्हा वळले. आणि मग ते गुडघ्यांवर बसले.

"खिळा कुठाय?" आता त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक आला.

"ठोकला आत!"

"आणि पायरीजवळची चिरलेली फळी?"

"बदलली. सगळा ओटा एकसारखा झालाय, बाबा. शोधून कुसळ सापडणार नाही."

बाबांचे हात थांबले. मुलगा श्वास रोखून उभा होता. शाळेतही निकालाची त्यानं एवढी वाट पाहिली नव्हती.

"झकास केलंस, पोरा," बाबा म्हणाले. "एवढं गुळगुळीत काम मलासुद्धा जमलं नसतं."

ऐकलंस ना, अशा नजरेनं त्यानं बायकोकडे पाहिलं. पण तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मुलगा बाजूला पायरीजवळ उभा होता, आणि बाबा हे सगळं बोलले होते समोरच्या रिकाम्या कुंपणाकडे तोंड करून.

बाबांनी एक हात हवेत पुढे केला. तो तसाच राहिला.

"आता मला एवढंच सांग," ते म्हणाले, "दार कुठल्या बाजूला राहिलं?"