हेस्टरचा ठिपका

ठिपका पुन्हा हजर होता.

रॉइस गॅस्किलने बायकोच्या हातातून फोन घेतला, लांब धरून पाहिला, मग चष्मा लावून पाहिला. चष्म्याने काही फरक पडला नाही. अमेरिकेतल्या हॅटरस बेटाचा किनारा, निळा समुद्र आणि किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर एक नारिंगी ठिपका. खाली नाव : हेस्टर. ग्रेट व्हाइट शार्क, मादी, बारा फूट.

“पाच मैलांच्या आत आहे,” व्हेल्मा म्हणाली. ती किनाऱ्यावर उभ्या केलेल्या ट्रकमध्ये बसून उकडलेल्या शेंगा खात होती. “ठरलंय ते ठरलंय.”

ठरलं होतं मार्चमध्ये. शार्कच्या अंगावर ‘टॅग’ नावाचं यंत्र बसवून त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या एका संशोधन केंद्राचं ॲप नातीने व्हेल्माच्या फोनवर घालून दिलं, आणि त्या दिवसापासून ठिपका पाच मैलांच्या आत असेल तर रॉइसने पाण्यात पाऊल टाकायचं नाही, असा कायदा झाला.

तीस वर्षं फेरीबोट चालवून निवृत्त झाल्यावर रॉइस काइटसर्फिंग शिकला. पायाखाली फळी, हातात खोलीएवढा पतंग, आणि वारा नेईल तिकडे लाटांवरून. आता तो सदुसष्ट वर्षांचा होता आणि मंगळवारी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. सहा महिने फळीला हात लावायचा नाही. पुढचं पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. या वयात डॉक्टर ‘बघू’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय ते रॉइसला कळत होतं. आज रविवार. उत्तरेचा वारा असा लागला होता की जणू निरोपालाच आला होता.

“या हंगामातली ही सातवी वेळ,” रॉइस म्हणाला. “एव्हनला गेलो, ही एव्हनला. फ्रिस्कोला गेलो, ही फ्रिस्कोला. गेल्या आठवड्यात तुलाही न सांगता ओक्राकोकला गेलो...”

“ते मला ठिपक्यावरूनच कळलं.”

“...तर दुपारी तिथेही हजर! माझ्याच फेरीबोटीतून आल्यासारखी.”

किनाऱ्यालगत मासे धरायच्या आमिषाचं दुकान असलेला ओटिस हे सगळं कुंपणाला टेकून ऐकत होता. “लेका, या वयात तुझ्यामागे कोणीतरी लागलंय,” तो म्हणाला, “आणि तू तक्रार करतोस?”

रॉइसने संशोधन केंद्रात फोनही करून पाहिला होता. तिथे डॉक्टर लिओना प्रुइट नावाच्या बाई होत्या.

“ती माझा पाठलाग करतेय,” त्याने सांगितलं होतं.

“मिस्टर गॅस्किल, उत्तरेचा वारा सुटला की मासळी किनाऱ्याला येते. मासळीमागे हेस्टर येते. वाऱ्यामागे तुम्ही येता. तुमचं वेळापत्रक एक आहे, एवढंच. शिवाय तो ठिपका मैलभर इकडेतिकडे चुकतोही.”

“म्हणजे धोका आहे की नाही?”

“आहे. तुमच्या ट्रकपेक्षा कमी.”

“हे माझ्या बायकोला सांगा.”

“सांगितलं. मग ट्रकची किल्लीही काढून घेऊ का, असं विचारलं त्यांनी.”

आता रॉइसने फोन व्हेल्माच्या मांडीवर टाकला आणि पतंगाची बॅग उचलून ट्रकच्या मागच्या भागात अशी आदळली की चेनला लटकवलेली काळी नळी पत्र्यावर खण्णकन वाजली. बोटभर लांब, एका टोकाला तारेचा तुकडा. गेल्या हिवाळ्यात वाळूत सापडली होती. जाळ्याचं काहीतरी असावं म्हणून त्याने ती चेन ओढायला बांधली होती.

व्हेल्माने मान वर केली. नळीकडे पाहिलं. मग ॲपमधल्या हेस्टरच्या फोटोकडे. हेस्टरच्या पाठीवरच्या त्रिकोणी परावर तस्सं काहीतरी काळं बसवलेलं होतं. बोटभर लांब, वर तार.

“रॉइस,” ती म्हणाली, “हे कुठून आणलंस?”

रॉइसने फोटो पाहिला. नळी पाहिली. वाळूने खरवडलेली अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. ‘सापडल्यास कळवा’ एवढंच लागलं.

“म्हणजे एव्हनला मी,” तो सावकाश म्हणाला. “फ्रिस्कोला मी. ओक्राकोकलाही मीच!”

“घरी असतोस तेव्हा मग ठिपका का नसतो?” व्हेल्मा सहज हार मानणाऱ्यांतली नव्हती.

“बॅग शेडमध्ये असते. शेडला पत्रा आहे, सिग्नल बाहेर जात नाही.”

“आणि ठिपका पाण्यात दिसतो.”

“मैलभर चुकतो. बाईच म्हणाल्या.”

व्हेल्माने दोन शेंगा विचारात खाल्ल्या. मग ती हसायला लागली. ओटिसला तर कुंपण धरावं लागलं. “सात वेळा!” तो म्हणाला. “गड्या, तू स्वतःलाच घाबरून घरी बसलास!”

रॉइसने नळी सोडवून व्हेल्माच्या हातात दिली. “घे तुझी हेस्टर. शेंगा दे तिला.”

पाच मिनिटांत पतंग आभाळात होता आणि रॉइस लाटांच्या पलीकडे. मार्चपासून साठलेला सगळा राग त्याने पहिल्याच उडीत उधळून दिला. गुडघा दुखत असला तरी इतक्या लांबून ते दिसत नव्हतं.

व्हेल्मा प्रामाणिक बाई. तिने नळीचा फोटो काढला आणि डॉक्टर प्रुइटना पाठवला : ‘तुमची वस्तू आमच्याकडे आहे. उगाच घाबरलो. माफ करा.’

रविवार असूनही अर्ध्या तासात उत्तर आलं. व्हेल्माने चष्मा पुसला. दूर पाण्यावर रॉइस एक हात सोडून तिला टाटा करत होता. तिनेही शेंगेच्या हाताने टाटा केला आणि वाचायला लागली.

‘मनापासून आभार! हा आमच्या वॉल्टर नावाच्या दुसऱ्या शार्कचा टॅग, तीन वर्षांपूर्वी बॅटरी संपून बंद पडलेला. हेस्टरचा तिच्या पाठीवरच आहे.’