तांबूस पट्टे

"खाली नको जाऊस गं, अजून नुसता पसारा आहे," शौनक म्हणाला.

अवंतिकाने नवऱ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "कसला पसारा? अर्धी थंडी त्या बेसमेंटच्या पायी गेली माझी. ऊर्मीला दाखवल्याशिवाय मी जेवायला वाढणार नाही. चल गं."

ऊर्मीने आपल्या नवऱ्याकडे, देवेशकडे पाहिलं. तो हातातल्या चिवड्याच्या प्लेटमध्येच बघत होता. शौनक त्याचा मॅनेजर. त्याच्यासमोर देवेश एरवीही जरा गप्पच असायचा.

खाली नव्या रंगाचा वास येत होता. भिंतभर टीव्ही, इलेक्ट्रिक फायरप्लेस आणि फायरप्लेससमोर अंथरलेलं एक कातडं. ऊर्मी शेवटच्या पायरीवरच थांबली.

"छान आहे ना?" अवंतिका म्हणाली. "मला थोडं मोठं हवं होतं, पण मिळालं नाही."

ऊर्मी खाली बसली. पट्टे अरुंद होते, एकमेकांना खेटून गेलेले. काळे नव्हते, तांबूस होते. पाठीच्या मधोमध, मानेपासून थेट शेपटीपर्यंत मऊ केसांची रांग होती. हा साधा झेब्रा नव्हता. ग्रेवी झेब्रा होता. केनियाच्या उत्तर भागात आणि थोडा इथिओपियात, रानात आता जेमतेम तीन हजार उरलेला. ऊर्मीचं रोजचं कामच ते होतं. केनियाहून आलेले फोटो इथे कॅनडात, विनिपेगमध्ये बसून लॅपटॉपवर पाहायचे, पट्ट्यांवरून एकेक जनावर ओळखायचं, कोण दिसलं आणि कोण दिसेनासं झालं ते सांगायचं. असे तांबूस पट्टे आणि अशी पाठभर आयाळ, हे फक्त पिल्लांचं असतं. तेही पहिले काही महिनेच.

तिने एक कड उलटून पाहिली. कातडं कमावताना लावलेल्या औषधांचा उग्र वास अजून गेला नव्हता.

जिन्यावर धपाधप पावलं वाजली. शौनक खाली आला. त्याच्या मागोमाग देवेशही.

"फेक आहे ते," शौनक म्हणाला. "ऑनलाइन मागवलं."

"फेक काय!" अवंतिका हसली. "नैरोबीच्या त्या तुझ्या माणसाने पाठवलं ना? लाकडी जिराफांच्या खोक्यातून?"

शौनक क्षणभर बायकोकडे बघत राहिला. "म्हणजे, खरं आहे, पण जुनं आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं. म्हणून तर रंग असा तांबूस पडलाय." मग तो ऊर्मीकडे वळला. "तू समजतेयस तसलं नाहीये हे. एन्डेंजर्ड वगैरे काही नाही."

ऊर्मीने अजून तोंडातून एक शब्दही काढला नव्हता.

"मी कुठे काय म्हणाले?" ती उठत म्हणाली. "अवंतिकाताई, फायरप्लेसजवळ उभ्या राहा ना. तुमचा एक फोटो काढते."

अवंतिका केस सारखे करून हसत उभी राहिली. ऊर्मीने फोन हळूच खाली झुकवला. "फोटो कशाला आता?" असं शौनक म्हणेपर्यंत फोटो निघालेही होते.

जेवण कसंबसं उरकलं. शौनक त्या दोघांना दारापर्यंत सोडायला आला, पण "या परत" म्हणाला नाही.

गाडीत हीटर लावूनही बोटं गरम होत नव्हती. बाहेर पाच वाजताच अंधारून आलं होतं. ऊर्मीने मांडीवरच्या फोनमध्ये वन्यजीव अधिकाऱ्यांना पाठवायचा ईमेल लिहून ठेवला होता. फोटोही जोडले होते.

"देवेश, मी काय काम करते ते शौनकला कोणी सांगितलं?"

"बोलण्यात आलं असेल कधीतरी."

"ऑफिसमध्ये माझ्या झेब्र्यांच्या गप्पा मारता तुम्ही?"

सिग्नल हिरवा झाला. देवेश हलला नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा त्याने गाडी पुढे काढली.

"टीव्ही लावायला गेलो होतो ना मी त्याच्याकडे," तो म्हणाला. "तेव्हा पाहिलं. मीच त्याला म्हणालो, ऊर्मी घरी येईल तेव्हा हे उचलून ठेव. त्याने नाही उचललं. आता त्याला मी काय करू?"

"म्हणजे तुला कळलं होतं, काय आहे ते."

"रोज जेवताना तुझी स्क्रीन उघडी असते समोर. न कळायला काय झालं?"

टीव्ही लावून महिना होऊन गेला होता. त्या महिन्यात रोज रात्री तो तिच्यासमोर बसून जेवला होता. फोटोतल्या पिल्लांना तिच्याबरोबर हसलाही होता.

"पाठवू नकोस," देवेश म्हणाला. "मार्चमध्ये माझं काँट्रॅक्ट वाढवणं त्याच्या हातात आहे. त्यावर आपलं पीआर, इथं कायमचं राहणं अडकलंय. मेलेलं पिल्लू काय परत येणार आहे का?"

"एवढं लहान पिल्लू एकटं फिरत नाही, देवेश. त्याची आई कुठे आहे?"

"मला काय माहीत?"

"मलाही नाही."

तिने ईमेल पाठवून दिला. फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि पहिल्यांदाच मान वळवून नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"अजून काय काय पाहिलंयस तू, जे मला सांगितलं नाहीस?"

बर्फ पडत नव्हता. तरी देवेशने वायपर चालू केले. कोरड्या काचेवर ते घर येईपर्यंत करकरत राहिले.