शोभेचा गाल

बूशाइब समोर बसला आणि विमा कचेरीतल्या साहेबानं टेबलावरचा आपला मोबाइल हळूच खणात सरकवला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, रकियानं ते पाहिलं. नवऱ्यानंही पाहिलं, पण तो मेला बोलतोय कशाला!

बूशाइबचा गाल कानापासून ओठापर्यंत फाटून शिवलेला. शाळेच्या गाडीतून मुलं उतरवताना एका पोरीची साखळी ओढणाऱ्या चोराला त्यानं धरलं, चोरानं सुरा चालवला. टाक्यांचा खर्च विम्यानं दिला. व्रण घालवायचं लेझर मात्र नाकारलं. कासाब्लांकात अशी रेघ गुंडाच्याच गालावर असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आयांनी त्याच्या गाडीत मुलं बसवणं बंद केलं. मालक म्हणाला, गाल नीट करून ये, नाहीतर किल्ली ठेव.

शिपायानं पुदिन्याच्या चहाचे काचेचे पेले आणून ठेवले.

“जेवता येतं?” साहेबानं विचारलं.

“येतं, सी तौफिक.” बूशाइबनं नावाआधी अदबीचं ‘सी’ लावलं.

“डोळा मिटतो?”

“मिटतो.”

“मग अडलंय कुठं? हे नटण्यामुरडण्याचं काम झालं, त्याला विमा नाही. या वयात काय नवरदेव व्हायचंय, सी बूशाइब?” साहेब स्वतःच हसला.

बूशाइबही ओशाळं हसला. ते हसू बघून रकियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पेला टेबलाच्या कडेवर आपटून फोडला, टाय धरून साहेबाला टेबलावर आडवा ओढला आणि काच त्याच्या तोंडाशी नेली. तिच्या मुठीतून रक्त ठिबकायला लागलं.

“अगं सोड! वेड लागलं का तुला?” बूशाइब ओरडला.

साहेबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गळा उघडाच राहिला.

“चेहरा नको! बाई, पाया पडतो, कुठंही मार, चेहरा नको!”

रकियानं टाय सोडला, काच टेबलावर टाकली.

“का रे बाबा? जेवता येईल की तुला.”

आरडाओरडा ऐकून दोन रखवालदार धावत आले. रक्ताळलेली काच रकियाच्या पुढ्यात होती, हात तिचाच गळत होता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि झडप घालून बूशाइबला खाली पाडलं.

“अरे मुडद्यांनो, मी केलं! मी!” रकिया किंचाळत राहिली.

त्यांनी त्याच्या मानेवर गुडघा रोवला आणि तो फाटका गाल फरशीवर दाबून धरला.