यादीतलं पहिलं कारण

“एक्क्याण्णव टक्के!” संचालकांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. “मशिनं थांबतात ती पट्ट्यांमुळे. हे मी म्हणत नाही, आकडे म्हणतात.”

पट्टेकाका पडद्याकडे बघत राहिले. साबणाच्या त्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी मशिनांचे पट्टे बसवले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गेल्या महिन्यात पट्टे तुटले होते मोजून दोन. पण यापुढे कुठलाही निर्णय माणसाच्या अंदाजावर घ्यायचा नाही, आकड्यांवर घ्यायचा, असं कंपनीने ठरवलं होतं.

“एक महिना देतो,” संचालक म्हणाले. “आकडा उतरला नाही, तर काम कंत्राटदाराकडे आणि तुम्ही घरी.”

काका तडक आकडेवारी विभागाच्या मॅडमना गाठून मशिनपाशी घेऊन आले. मशिन थांबलं, की कामगाराने शेजारच्या पडद्यावर कारण निवडायचं. त्याशिवाय ते पुन्हा चालूच होत नसे. मॅडमच्या डोळ्यांदेखत एक मशिन थांबलं. साबणाची वडी आडवी अडकली होती. कामगाराने ती उपसली, हातमोज्यासकट बोट यादीतल्या पहिल्या कारणावर टेकवलं आणि मशिन सुरू केलं. पहिलं कारण होतं ‘पट्टा’.

“अहो, वडी अडकली होती ना?” मॅडम म्हणाल्या.

“वडी बाराव्या नंबरावर आहे, मॅडम. हातमोजे काढून तिथवर पोचेपर्यंत माझी पाळी संपेल.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “काका, मी सांगते साहेबांना.”

“नका सांगू. माणसाच्या सांगण्यावर चालायचं नाही, असं ठरलंय.”

“मग यादीचा क्रम बदलते. पण कुणीतरी वर येणारच. मोटर ठेवू?”

“मोटर माझा मेहुणा बघतो. बायको घरात घ्यायची नाही मला.”

“साफसफाई?”

“ती बाई एकटी चार तोंडं पोसते.”

“मग कुणाचा बळी देऊ, ते तरी सांगा!”

काकांनी यादी सरकवत सरकवत तळाशी नेली. “हे काय आहे?”

“‘मुख्य कार्यालयाची सूचना’. ते नुसतं नावाला ठेवलंय. कुणी निवडत नाही.”

“चढवा वर.”

महिना उलटला. काका पुन्हा त्याच खोलीत उभे राहिले. पडद्यावर पट्ट्यापुढे शून्य होतं. मुख्य कार्यालयाच्या सूचनेपुढे ब्याण्णव टक्के.

संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ब्याण्णव ते ब्याण्णवच. मग त्यांनी स्वतः उठून पडदा बंद केला, दार लोटून घेतलं आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

“बसा, काका. आकड्यांचं काय घेऊन बसलात? तुम्ही सांगा, तुमच्या अंदाजाने मशिनं कशामुळे थांबतात?”