मागणारे

रोजगार नोंदणी कचेरीच्या भिंतीवर ‘सर्वाधिक मागणी असलेली कामे’ अशी यादी लागली. तिच्यात लिफ्ट दुरुस्तीचा पहिला नंबर बघून शिंपीदादांनी चालतं शिलाई मशीन विकलं आणि ऐन पन्नाशीत लिफ्टचं काम शिकून घेतलं. त्यानंतर दीड वर्ष याच कचेरीत अर्ज भरून भरून त्यांच्या अंगठ्याला घट्टा पडला, पण एकही बोलावणं आलं नाही. शेवटी बायको म्हणाली, “अहो, घरात आता विकण्यासारखं काही उरलं नाही. मला धरून.”

तसे ते तडक कचेरीच्या खिडकीशी गेले.

“बाई, एवढी मागणी आहे, तर मागणारे आहेत कुठे?”

“हे काय, तुमच्या मागे रांगेत उभे आहेत,” बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “ज्या कामासाठी जास्त अर्ज, त्याला जास्त मागणी. आम्ही अर्ज मोजतो, दादा.”

“आणि जागा?”

“त्या कोण मोजतं, कुणास ठाऊक.”

शिंपीदादांनी खिडकीचा गज धरला. ते काकुळतीने म्हणाले, “पाया पडतो, बाई. लिफ्टचं कसलंही काम द्या, पण द्या.”



बाईंनी वहीत एक रेघ ओढली. “घ्या. मागणी आणखी एकाने वाढली.”