वॉर्डातला अकरावा नमुना

"मामा कुठे आहेत?" मोठ्या सिस्टरांनी सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

रक्त घ्यायला आलेली प्रयोगशाळेतली मुलगी नळ्यांचा ट्रे घेऊन ताटकळली होती. वॉर्डातल्या अकरा कर्मचाऱ्यांपैकी दहा जणांचं रक्त देऊन झालं होतं. सगळ्यांत आधी मोठ्या सिस्टरांनीच बाही वर केली होती, म्हणजे मागून कोणाला कुरकुरायला जागा नको. राहिले होते ते वॉर्डबॉय मामा. एक जण म्हणाला चादरी आणायला गेलेत, दुसरी म्हणाली ऑक्सिजनची टाकी. दोन्हीकडे बघून झालं. मामांचा पत्ता नव्हता.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, सिस्टर पुटपुटल्या.

त्यांचा वॉर्ड लकवा झालेल्या म्हाताऱ्यांचा. साथ सुरू झाल्यापासून नातेवाइकांना बंदी होती, नवा रुग्णही घेतला नव्हता. तरी मागच्या महिन्यात आजार आत शिरला आणि तीन माणसं गेली. त्यातल्या चार नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांना सिस्टर चौदा महिने स्वतःच्या हातानं भरवत होत्या. बाहेरचं कोणी आलंच नाही, म्हणजे आजार आणला तो आतल्याच कोणीतरी. तेव्हा तपासणीचं साहित्य रुग्णांनाच पुरत नव्हतं, कर्मचाऱ्यांना विचारतो कोण? आता अँटिबॉडीची तपासणी आली होती. ज्याला आजार होऊन गेला असेल त्याचं रक्तच ते सांगणार होतं.

सिस्टरांना मात्र रक्तानं सांगायची गरज नव्हती. मामांचा मास्क कायम हनुवटीवर. हात धुवा म्हटलं की बोटं ओली करून यायचे. आणि कामचुकारपणा तरी किती? नेमक्या त्याच महिन्यात फिनेलमध्ये इतकं पाणी घालायला लागले की फरशीला वास म्हणून येईना. सिस्टरांनी एका दिवसात तीनदा पुसायला लावली, नवी बाटली उघडायला लावली, तरी ये रे माझ्या मागल्या. मामा आपले शपथा घेत राहिले. असल्या माणसाशी डोकं किती फोडायचं?

शेवटी मामा मागच्या जिन्यात सापडले. सुईची भीती वाटते म्हणाले. बत्तीस वर्षं हा गृहस्थ सुयांचे ट्रे वाहत होता, आणि त्याला सुईची भीती. सिस्टरांचा संताप संताप झाला.

मग मामांनी खरं काय ते सांगितलं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. सिस्टरांनी तक्रार लिहून ठेवलीय, रक्तात काही निघालं तर कामावरून काढणार, हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. मास्क नीट लावला नाही, चुकलं, ते म्हणाले. पण आजार आपण आणला की नाही हे आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे? कधी शिंकही आली नव्हती.

"मास्तर गेले, मामा," सिस्टर म्हणाल्या. "कोणीतरी उत्तर द्यायला हवं."

मामा कठड्याला धरून वर आले. सुई टोचताच डोळे पांढरे करून खुर्चीतच कलंडले. त्यांना पाणी पाजायचं कामही सिस्टरांच्याच वाट्याला आलं.

चार दिवसांनी अधीक्षकांचं बोलावणं आलं. सिस्टर सही केलेली तक्रार घेऊनच गेल्या. अधीक्षक निकालाचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. अकरा जणांत एकालाच होऊन गेलाय, ते म्हणाले.

"मला माहीत होतं." सिस्टरांनी तक्रार टेबलावर ठेवली. "ज्याच्यामुळे तीन जीव गेले, त्यानं पुन्हा माझ्या वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. मग आठ महिने राहिलेले असोत नाहीतर आठ दिवस."

अधीक्षकांनी तक्रार शेवटपर्यंत वाचली. घडी घालून परत केली. बसा, म्हणाले. सिस्टर बसल्या नाहीत, राउंडची वेळ झाली होती.

"मामांना काही झालेलं नाही, सिस्टर," अधीक्षक म्हणाले आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. लाल खूण मोठ्या सिस्टरांच्या नावापुढे होती.